मालगुजाराच्या मोटारीला नवी बॅटरी

चार्जिंगला लावलेली बॅटरी बोलते. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना हे पटायचं नाही, पण आलापल्लीला पोशक्काच्या दुकानात फळीवर चौदा-पंधरा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या असत आणि दुपारपर्यंत त्यांच्या पोटातलं तेजाब बारीक उकळायला लागे. भात आटत आला की झाकणाखाली जसं खुदखुदतं, तसं. पहिले आठ दिवस मी त्या आवाजाला इतकी भ्यायले की फळीजवळून जाताना भिंतीला अंग घासत जायची. पोशक्का खुर्चीवरून हसायची. तिचं माहेर सिरोंच्याकडचं, बोली तेलुगू, आणि मराठी तिने गिऱ्हाइकांकडून उचललेली. "ए पोरी, बोलते तोवर काय भेव? चूप बसली का मंग भेव." जिथे वीज पोचली नव्हती त्या गावांतली माणसं टीव्हीची नाहीतर टेपची बॅटरी कावडीला बांधून पायी पायी आणायची, ओट्यावर टेकायची, तंबाखू मळायची आणि बॅटरी भरेपर्यंत तिथेच दिवस काढायची. पावसाळ्याच्या तोंडावर भामरागडकडची गर्दी उसळे, कारण एकदा नद्यांनी रस्ता तोडला की मग बॅटरी भरून आणायची सोय नाही.

मी आठवी अर्धी सोडून तिथे आले. मावशी आलापल्लीच्या दवाखान्यात आया होती, तिने मला पोशक्कापुढे उभं केलं आणि म्हणाली, "अक्का, पोट्टी कामाची आहे, फक्त भेते लय." पोशक्काचा नवरा लष्करात गाड्यांचा वीजमिस्त्री होता. निवृत्त होऊन त्याने हे दुकान टाकलं आणि तीन वर्षांत गेला. ती एकटी राहिली आणि दुकान तिने बंद केलं नाही, एवढंच तिच्याबद्दल गावात कौतुकाने आणि जरा नाराजीनेही बोललं जाई. दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. सकाळी ती चिंचेचं चारू, म्हणजे पातळ सार, करायची, इतकं तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी आमच्या घरची लाखोळीची डाळ घोटायची, जी तिला बेचव लागायची. ताटात दोन्ही असायचं. तिने मला कधी उरलेलं वाढलं नाही. आधी माझं ताट, मग तिचं. आमच्या गावात ज्या घरांच्या अंगणापलीकडे मला पाय टाकता येत नव्हता ती घरं आठवून मी पहिले काही दिवस तो भात गिळताना घाबरायची, की हिला कोणी सांगितलं तर? एकदा मीच सांगून टाकलं. आम्ही बौद्ध, घरात बाबासाहेबांचा फोटो, वगैरे. ती म्हणाली, "मले काय बॅटरीचं लेबल वाचून दाखवून राह्यली? भात घे."

आज मी नाशकात लेकीच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे. इथला इन्व्हर्टर बाल्कनीत एका पेटीत बंद आहे, त्याला बोलता येत नाही, आणि मी तरी रोज एकदा पेटी उघडून खुंट्यांवर बसवलेल्या तारांच्या दोन्ही टोप्या हाताने हलवून बघते. लेक म्हणते, आई, काल पाहिलं ना. काल पाहिलं, खरं आहे. पण टोपी ढिली व्हायला एक रात्र पुरते. माझा स्वभावच तसा, तीन वेळा कडी लावायची आणि चौथ्यांदा परत येऊन बघायची. पोशक्काला मात्र तो स्वभाव आवडायचा. तेजाबाचं काम घाबरट माणसानेच करावं असं ती म्हणे.

आता ज्या गाडीसाठी हे प्रकरण लिहायला घेतलं तिच्याकडे येते. आमचं गाव चिमूरकडचं, आणि गावात मोटार एकच, मालगुजाराची. मालगुजारी, म्हणजे गावाची सारावसुली, केव्हाच संपली होती, पण माणसाला तेच म्हणायचे आणि त्यालाही तेच आवडायचं. काळी, गोल पाठीची, इंग्रजी बनावटीची मोटार, त्याच्या बापाने घेतलेली. आम्ही पोरं तिच्या चकचकीत जाळीत तोंड बघायचो आणि ड्रायव्हर हुसकायचा. तिची बॅटरी मात्र कायमची मेलेली. मालगुजार नवी घेत नव्हता, कारण त्याला गरजच नव्हती. आमच्या वस्तीत धक्क्याची पाळी होती. गावकीच्या कामांना जशा पाळ्या असतात, तशी ही एक. सकाळी वाड्यावरून हाक आली की ज्या तीन घरांची पाळी असेल त्यांनी जाऊन गाडीला धक्का मारायचा, उतारापर्यंत. गाडी फुरफुरली की माणसं धुरात उभी राहायची, आणि गाडी निघून जायची. हे कोणी, केव्हा ठरवलं, कोणाला आठवत नव्हतं. माझा बा लहानू त्या पाळीत होता. बाला धक्का मारण्याचा एक अभिमानही होता, हे लिहायला लाज वाटते, पण होता. कुठे हात लावायचा, पहिल्या जोरात श्वास कसा धरायचा, हे तो नव्या पोरांना शिकवायचा.

त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता. हाक आली तेव्हा माय म्हणाली, जाऊ नका. तो गेला. मी शाळेत निघाले होते, दप्तर खांद्यावर, म्हणून त्याच्यामागे चालत गेले आणि सगळं पाहिलं. उताराच्या अलीकडच्या चढावरच इंजिनाने पेट घेतला, गाडीने झटका मारला, थोडी मागे आली आणि मग पुढे. बाचा उजवा पाय घसरून मागच्या चाकाखाली गेला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो. गाडी थांबली नाही. मालगुजार मागच्या सीटवर बसलेला होता आणि गाडी चिमूरच्या रस्त्याने निघून गेली. बाला बैलबंडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी काका वाड्यावर विचारायला गेले, मीही त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. काका फक्त एवढंच म्हणाले, "मालक, गाडी थांबवाची होती जी." मालगुजाराला आश्चर्य वाटलं. रागावला नाही, खरोखरच आश्चर्य वाटलं. म्हणाला, "थांबवली असती तं बंद पडली असती. मंग पुन्हा धक्का कोन मारला असता?"

बाचा पाय वाकडा जुळला. मजुरी गेली. दिवाळीनंतर मी शाळेत गेले नाही.

पोशक्काकडे मला सहा वर्षं झाली होती तेव्हा ती गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली. उभी राहिली म्हणजे डेपोच्या हमालांनी ढकलत आणली आणि ते लिलावाला परत गेले. आलापल्लीच्या डेपोत सागवानाचा लिलाव होता, नव्या घराच्या दारं-खिडक्यांसाठी मालगुजार लाकूड बघायला आला होता, आणि गाडी डेपोच्या फाटकापाशी मेली होती. गाडी त्याचा मुलगा चालवत होता. पोशक्का बसस्टँडवर तेजाबाचे कॅन उतरवून घ्यायला गेली होती. मी गाडीची ती जाळी पाहिली आणि ओळखली. मालगुजार खाली उतरला. केस पांढरे झाले होते, बाकी तोच. त्याने मला ओळखलं नाही. का ओळखेल? दप्तर घेतलेली पोरगी त्याने पाहिलीच नव्हती.

"मिस्त्री कुठी आहे बाई?"

"मीच आहे."

"तू?" तो मुलाकडे वळला. "पाह्य रे, इथी तं पोट्ट्याच बॅटऱ्या लावून राह्यल्या." मग माझ्याकडे, "हे पाह्य, चंद्रपूरले म्हनते का या गाडीची बॅटरी आता भेटत नाई, मागवा लागंल. तेवढा खर्च कोन करते? म्हनून यानं टॅक्टरची आनून लावली. दोन महिने नाई टिकली."

मी बॉनेट उघडलं. आत पाहिलं आणि एका क्षणात कळलं, पण मुद्दाम वेळ घेतला. "कशी लावली जी ही?"

"जशी लावते तशी," मुलगा म्हणाला. "मायनस बॉडीले."

"या गाडीत उलटं आहे. प्लस बॉडीले."

"असं कुठी असते का?"

"जुन्या इंग्रजी गाड्याइत असते. टोप्या पाहा न. बॉडीच्या पट्टीची टोपी मोठी आहे, काऊन का प्लसचा खुंटा जाड राह्यते. तुम्ही तिच्यात टिनाची पट्टी कोंबून मायनसवर बसवली. डायनामो एकीकडे, बॅटरी दुसरीकडे. दोन महिने भांडून राह्यले दोघं."

मुलगा लाल झाला. मालगुजार खदखदून हसला, "वा रे इंजिनेर!" आणि माझ्या पाठीवर थाप मारल्यासारखा हात हवेत नेऊन मग खाली घेतला. मी म्हणाले, महाग बॅटरी नको, जीपला लागते तसली साधी नवी, पाणी घालावं न लागणारी, चालेल. जुनीपेक्षा लहान असते, हादरू नये म्हणून तिला जुन्या खोक्यात बसवून देते, बाहेरून गाडीच्या मूळच्या बॅटरीसारखी दिसेल. "पाह्य," तो मुलाला म्हणाला, "याले म्हनते डोकं."

गाडीच्या मूळच्या बॅटरीचं काळं खोकं डिकीत पडलेलं होतं. मी त्यावरचं डांबर तापवून काढलं, आतल्या सडलेल्या पट्ट्या उपसल्या, सोड्याच्या पाण्याने खोकं धुतलं आणि नवी बॅटरी आत बसवली. बाजूने सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठासले. हे सगळं करताना डोक्यात एकच चाललं होतं. उलटी जोडून दे. मुलाने लावली होती तशीच. चार दिवसांत डायनामो जळेल, वायरिंग जळेल, जंगलात रस्त्यावर धूर निघेल. मला कोणी दोष देणार नव्हतं. टोपी हातात होती. पण मला ते जमलं नाही, आणि त्यात माझा चांगुलपणा नव्हता. ते जळणं मला दिसणार नव्हतं. ते मला नको होतं. मला समोर हवं होतं.

म्हणून प्लसची पट्टी बॉडीला घट्ट बसवली, मायनस तिच्या जागी. डायनामोला तारेचा एक टिचका देऊन त्याची दिशा नीट केली. तीनदा तपासलं. काम इतकं चोख झालं की पोशक्काच्या नवऱ्यालाही नावं ठेवता आली नसती. आणि मग, बॉनेट लावायच्या आधी, स्टार्टरकडे जाणारी जाड तार मी अर्धा आटा ढिली करून बाजूला सारली.

मुलाने चावी फिरवली. दिवे लागले, भोंगा वाजला, इंजिन गप्प.

"डायनामो उलटा फिरून झोपला आहे," मी म्हणाले. आवाज कापत होता, पण माझा आवाज नेहमीच कापतो. "एक खेप धक्क्यानं जागा करा लागते."

"मंग बोलाव कोनाले."

"सारे लिलावाले गेले जी."

ओट्यावर भामरागडकडचे तिघे माडिया आदिवासी बसले होते, त्यांच्या बॅटऱ्या भरायच्या होत्या. मालगुजाराने त्यांना हाक मारली, "ए! उठा रे, लावा धक्का." तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेजाबाच्या कॅनमध्ये पाहत राहिले. त्यातला म्हातारा सकाळीच माझ्याशी चांगल्या मराठीत थट्टा करत होता. त्या घटकेला त्याची मराठी साफ गेली. तो शेजाऱ्याशी माडियात काहीतरी बोलला आणि तिघेही तंबाखूत गुंतले.

"तू लाव मंग."

"माझ्या हाताले तेजाब आहे. गाडीचा रंग जाईल."

मालगुजाराने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग धोतराचा सोगा खोचला, गाडीच्या मागे गेला आणि तिच्या पाठीवर एक हात ठेवला, बैलाला कुरवाळावं तसा.

"दोन्ही हात लावा जी," मी ओट्यावरून म्हणाले. "पाय रोवा. खाली नका पाहू, समोर पाहा."

त्याने दोन्ही हात लावले. गाडी हलेना. "लावा जोर," मी म्हणाले, "अजून. श्वास धरा." तो माझं ऐकत होता. मी सांगत होते आणि मालगुजार ऐकत होता, मान शिरांनी फुगलेली, चपला मातीत घसरत होत्या, पाठीवर सदरा चिकटला होता. त्या ओट्यावरच्या पाच मिनिटांसारखं सुख मला पुढे लग्नातही झालं नाही, आणि हे मी पन्नाशी ओलांडून, शुद्धीवर असताना लिहिते आहे. भाजीवाल्या बाया बघायला थांबल्या. कोणीतरी म्हणालं, "बुढ्यात दम आहे बा!" गाडी हळूहळू सरकली, वेग आला, मुलाने गियर टाकला, इंजिनाने पेट घेतला आणि गाडी पुढे उडाली. मालगुजाराचे हात हवेत राहिले. तो उजव्या गुडघ्यावर आपटला, मग दोन्ही तळव्यांवर. मुलाने मागे वळून पाहिलं आणि वेग कमी केला. तेव्हा हा माणूस, धुळीत हातापायांवर, नाकात धूर गेलेला, ओरडला, "थांबू नको बे! बंद पडंल!"

मी जागची हलले नाही. धावली ती पोशक्का. बसस्टँडवरून येताना तिने फक्त पडणं पाहिलं होतं. तिने त्याला बगलेत हात घालून उठवलं, आमच्या प्यायच्या माठातलं पाणी दिलं, गुडघ्यावरची माती पदराने पुसली. मुलगा गाडी फिरवून आला. पोशक्काने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे पाहिलं, प्लसच्या पट्टीकडे पाहिलं, मान हलवली. मग तिचा हात स्टार्टरच्या तारेवर गेला. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पाना घेतला, गाडी बंद करायला लावली, तार आवळली, आणि मुलाला म्हणाली, "आता चावी फिरव." गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

मालगुजार खूश झाला. "गाव कोनतं पोरी तुझं?" त्याने विचारलं. मी सांगितलं. "अरे, आमचीच तं आहे! कोनाची?"

"लहानूची."

तो आठवत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, आता कळेल, आता कळेल म्हणून. "लहान्या... धक्क्याले येत जाय तो? त्याच्या पायाले काही झालं होतं न?"

"हो जी."

"चांगला मानूस," तो म्हणाला. "हुशार पोरगी निघाली त्याची." आणि लंगडत गाडीत जाऊन बसला. त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याच्या लेखी तो एका लिलावाच्या दिवशी पडला होता, एवढंच. मला वाटलं, धावत जाऊन खिडकीवर हात आपटावा आणि सांगावं. गाडी गेली.

दुपारी पोशक्काने माझं ताट वाढलं आणि समोर बसली. "बॅटरी नीट लावली तू."

"हो."

"मंग तार कोन ढिली केली?"

मी सगळं सांगितलं. बाचा पाय, ओल्या फांदीचा आवाज, वाड्यावर काय ऐकलं ते. मला खात्री होती की ती मला मावशीकडे धाडणार. ती चारूचं भांडं ढवळत राहिली. "माझ्या दुकानात गिऱ्हाइकाशी खोटं बोलली तू. अजून एकदा केलं तर घरी पाठवीन."

"अन् आत्ता?"

"आत्ता भी घरीच पाठवते. चार दिवस. बापाले सांगून ये." ती उठली. "चिठ्ठीत मजा नाई येत."

दोन एसट्या बदलून मी घरी पोचले तेव्हा बा अंगणात दोर वळत बसला होता, वाकडा पाय पसरून. मला धाकधूक होती. बा गरीब स्वभावाचा माणूस, आयुष्यात कोणाला उलटून बोलला नव्हता. वाटलं, म्हणेल, पोरी, असं कराचं नाई. मी सांगत गेले तसे त्याचे हात दोरावर थांबले.

"पडला?"

"पडला."

"कोनत्या गुडघ्यावर?"

"उजव्या."

"पक्कं उजव्याच?" आणि त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. "ऐकलं का वं," त्याने मायला हाक मारली, "इकडे ये, सुजी काय सांगून राह्यली पाह्य. सांग वं, पहिल्यापासून सांग." मी मायला सांगितलं. मग शेजारच्या काकांना. मग वस्तीतले जुने धक्केवाले एकेक करून येऊन अंगणात बसले आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. त्यांना गोष्टीपेक्षा कामाची खोट काढण्यात रस होता.

"हात कुठी लावले होते त्यानं? डिकीले का मडगार्डले?"

"डिकीच्या मधोमध," मी म्हणाले.

"मंग पडनारच! मधोमध लावते का कोनी?"

"अन् गाडीनं पेट घेतला का हात सोडा लागते न बाजूले. त्यानं सोडले नाई?"

"नाई सोडले."

सगळ्यांनी माना हलवल्या, एखाद्या नवख्या पोराचं काम बघून हलवाव्या तशा. काका म्हणाले, "नवल आहे बा. इतके वर्स धक्का घेतला त्यानं, अन् त्याले मारता नाई आला?"

बाने डोळे पुसले आणि दोर पुन्हा हातात घेतला. "कसा येईल?" तो म्हणाला. "मागं वळून पाह्यलं असतं तं आला असता."